रिटर्न भरून देणाऱ्याचा नंबर

(मालवण इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली वाक्यं शक्य तिथे तशीच ठेवली आहेत. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



मालवणात ३१ जुलै ही तारीख दोन कारणांनी लोकांना पाठ असते. एक तर पावसाळी मासेमारीबंदीचा तो शेवटचा दिवस. दुसरं म्हणजे पगारदार आणि पेन्शनर मंडळींच्या इन्कम टॅक्स रिटर्नची ती नेहमीची मुदत. सरकार कधी मुदत वाढवतं, २०२५ साली ती सप्टेंबरपर्यंत गेली होती, पण डोक्यात बसलेली तारीख तीच. होडी पाण्यात लोटायची तयारी आणि फॉर्म १६ शोधायची धावपळ, दोन्ही एकाच आठवड्यात.

आता होडीचं लाकूडकाम कोणी केलं, जाळं कोणी विणलं, हे विचारलं तर तुम्ही नाव सांगता. रिटर्न कोणी भरलं विचारलं तर काय उत्तर येतं? ‘आमच्या वळखीचो एक झील आसा, तो भरता.’ (हशा)

हसू नका, मी टिंगल करत नाहीये. हा ‘झील’ म्हणजे बीकॉम होऊन झेरॉक्सच्या दुकानात बसणारा मुलगा असतो, किंवा पतपेढीतून निवृत्त झालेले काका, किंवा कुडाळला सीएकडे दोन वर्षं काम करून आलेली मुलगी. ही माणसं नसती तर जिल्ह्यातली निम्मी रिटर्नं भरली गेली नसती असं मला वाटतं. बहुतेक जण काम प्रामाणिकपणे करतात, पैसेही बेताचेच घेतात. माझा मुद्दा एवढाच आहे की त्या रिटर्नवर त्यांचं नाव कुठेच नसतं. आजचा विषय तोच आहे: पैसे घेऊन दुसऱ्याचं कराचं रिटर्न भरून देणाऱ्याला स्वतःचा असा सरकारी ओळख-क्रमांक असतो का, तो मिळतो कसा, आणि मिळाल्याने कोणाचं काय भलं होतं.

सुरुवात अमेरिकेपासून करतो, कारण तिथला नियम समजायला सोपा आहे. तुमच्यापैकी कोणाची मुलं न्यू जर्सीला, कॅलिफोर्नियाला असतील, त्यांना विचारा. तिथे २०११ पासून पैसे घेऊन फेडरल रिटर्न तयार करणाऱ्या प्रत्येकाकडे पीटिन नावाचा नंबर असावा लागतो. तो दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो, आणि तयार केलेल्या प्रत्येक रिटर्नवर तो घालावा लागतो. गंमत बघा, त्यासाठी परीक्षा नाही. तिथल्या कर खात्याने परीक्षाही सक्तीची करायचं ठरवलं होतं. काही छोट्या रिटर्न भरणाऱ्यांनी कोर्टात दावा लावला आणि २०१४ साली अपील कोर्टानेही सांगितलं की कायद्याने तुम्हाला तसा अधिकार दिलेला नाही. नंबर राहिला, परीक्षा गेली. म्हणजे तो नंबर हुशारीचं प्रमाणपत्र नाही. हे रिटर्न कोणाच्या हातचं आहे, एवढंच तो सांगतो. पण एवढंही कमी नाही. एकाच हातच्या पाचशे रिटर्नांत तीच खोटी वजावट दिसली, तर खात्याला थेट त्या हातापर्यंत जाता येतं.

आपल्याकडे काय आहे? दोन दारं आहेत, एक इन्कम टॅक्सचं आणि एक जीएसटीचं. दोन्हींची तऱ्हा अगदी वेगळी.

इन्कम टॅक्सच्या बाजूने कल्पना चांगली होती. २००६ साली १९६१ च्या कायद्यात कलम १३९ब आलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात टॅक्स रिटर्न प्रिपेअरर योजना अधिसूचित झाली. टीआरपी. आज टीआरपी म्हटलं की लोकांना टीव्हीच्या मालिका आठवतात, तो भाग सोडा. पदवीधर मुलांना प्रशिक्षण द्यायचं, पास झालेल्याला प्रमाणपत्र आणि ओळख-क्रमांक द्यायचा, आणि त्याने छोट्या करदात्यांची रिटर्नं भरून द्यायची. कंपनी नाही, ऑडिट लागणारा धंदा नाही, फक्त व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब. मोबदला सरकारच द्यायचं: नव्या करदात्याने भरलेल्या कराच्या पहिल्या वर्षी ३ टक्के, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी १, आणि त्यालाही एक हजार रुपयांची मर्यादा. सरकारकडून पुरेसं मिळत नसेल तर करदात्याकडून घ्यायची फी जास्तीत जास्त अडीचशे रुपये. आणि रिटर्नच्या फॉर्मवर शेवटी एक रकाना होता, टीआरपीचा ओळख-क्रमांक, नाव आणि सही. ज्यांनी कागदी रिटर्नं भरली असतील त्यांना तो रकाना आठवत असेल. बहुतेकांचा कोराच गेला.

कोरा का गेला? मला दिसतं ते असं. रिटर्न ऑनलाइन झालं. ऑनलाइन रिटर्न करदात्याच्या स्वतःच्या लॉगिनमधून जातं. मग आमचा झील काय करतो? ‘काकी, पासवर्ड सांगा, ओटीपी येईल तो सांगा.’ काकी सांगतात. कॉम्प्युटरच्या लेखी ते रिटर्न काकींनी स्वतः बसून भरलं. झील तिथे नव्हताच! टीआरपी हो, नंबर घे, अडीचशेच्या मर्यादेत राहा, असं त्याने का करावं? बिननंबरचं काम जास्त सोयीचं होतं.

नंबर घेऊन काम करायचा दुसरा मार्गही आहे, ई-रिटर्न इंटरमीडियरी म्हणून खात्याकडे नोंदणी. त्यात गिऱ्हाईक पोर्टलवर तुम्हाला संमती देतं आणि तुम्ही तुमच्या लॉगिनमधून काम करता. पण तो मार्ग संस्था, फर्म यांच्या सोयीचा, एकट्यादुकट्याला झेपेलच असं नाही. आणि एक तिसरं, कलम २८८ खालचा प्राप्तिकर व्यावसायिक, तो अधिकाऱ्यासमोर बाजू मांडण्यापुरता; त्यात आज शिरत नाही. कलमांचे मी जुनेच आकडे सांगतोय, कारण तुमच्याकडच्या कागदांवर तेच आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ चा कायदा घेतो, त्यात क्रमांक बदलले आहेत.

तर, रिटर्नवर नाव नसण्याने बिघडतं काय? १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने देशभर अनेक ठिकाणी तपासणी मोहीम काढली. रोख कोणावर होता? खोट्या वजावटी दाखवून रिफंड मिळवून देणारे रिटर्न भरणारे आणि मध्यस्थ. महाराष्ट्राचंही नाव त्यात होतं. घरभाडं नसताना घरभाडं, देणगी नसताना देणगी, असले प्रकार. खात्याने तेव्हाच सांगितलं की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपली रिटर्नं सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. आता यातली एक बारीक गोष्ट ऐका, मला सगळ्यात महत्त्वाची ती वाटते. हे लोक घाऊक रिटर्नं भरण्यापुरते तात्पुरते ई-मेल पत्ते उघडत होते. काम झालं की पत्ता सोडून द्यायचा. मग खात्याची नोटीस जायची कुठे? त्या सोडून दिलेल्या पत्त्यावर. करदात्याला पत्ताच नाही की आपल्याला नोटीस आली आहे.

आणि दंड कोणाला? उत्पन्न जाणूनबुजून चुकीचं दाखवलं असं ठरलं तर त्यावरच्या कराच्या दोनशे टक्के दंडाची तरतूद आहे, आणि तो करदात्याला. खोटं रिटर्न भरायला मदत करणाऱ्यावरही खटला होऊ शकतो, कायद्यात तसं कलम आहे. पण तो सापडला तर ना! रिटर्नवर नाव काकींचं, पॅन काकींचा, बँक खातं काकींचं. रिफंडमधला हिस्सा रोख घेऊन गेलेला माणूस कुठे नोंदलेला नाही.

मागे एका गावी असंच बोलत असताना एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, ‘रिटर्न तेणा भरल्यान, मगे नोटीस माका कित्याक?’ या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे, पण समाधान होईल असं नाही. रिटर्न ज्याच्या पॅनवर, जबाबदारी त्याची. माणसाने पैसे दिले म्हणून जबाबदारी विकली जात नाही.

आता जीएसटीकडे वळू. इथे मात्र नंबराची व्यवस्था नीट बांधलेली आहे, आणि इथल्या तरुण मुलामुलींना खरी संधी इथेच आहे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्ली-देवबागला होमस्टे, स्कूबावाले, खानावळी, वेंगुर्ल्याकडे काजूप्रक्रिया, देवगडला आंबा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी आली, नुसत्या मालाच्या धंद्याला साधारणपणे ४० लाख. नोंदणी आली की रिटर्न आलं, आणि ते वर्षातून एकदा नाही. पावसाळ्यात चार खोल्या बंद, एक पर्यटक नाही, तरी शून्याचं रिटर्न भरावंच लागतं. उशीर झाला तर शून्य रिटर्नलाही दिवसाला वीस रुपये, पाचशेच्या मर्यादेपर्यंत. पैसे थोडे आहेत, पण सलग सहा महिने रिटर्न गेलं नाही तर नोंदणीच रद्द होऊ शकते, आणि ते कळतं कधी? ऑक्टोबरात हंगाम सुरू झाल्यावर.

काजूचं उदाहरण घ्या. नोंदणी असलेला कारखानदार शेतकऱ्याकडून सालासकट काजू बी घेतो. त्या खरेदीवरचा कर शेतकरी भरत नाही, विकत घेणाऱ्यानेच उलट भरायचा असतो, ५ टक्के, आणि तो रोख खात्यातूनच. आधीच्या जमेतून वळता करता येत नाही. नंतर त्याची जमा मिळते, तो भाग वेगळा. हे माहीत नसलेल्या माणसाने रिटर्न भरलं तर वर्षभराने व्याजासकट मागणी येते. व्याज १८ टक्के. तेव्हा रिटर्न भरणाऱ्याला धंदा कळला पाहिजे.

हे काम करणाऱ्याला कायद्यात जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणतात. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम ४८, आणि नियम ८३, ८३अ, ८४. पात्रता अशी: भारतीय नागरिक, दिवाळखोर ठरलेला नसावा, कोर्टाने शिक्षा दिलेली नसावी. शिक्षणाला वाणिज्य, कायदा, बँकिंग किंवा व्यवसाय व्यवस्थापन यातली पदवी. सीए, सीएस, कॉस्ट अकाउंटंटची अंतिम परीक्षा पास झालेले चालतात. खात्यातून निवृत्त झालेले राजपत्रित अधिकारी चालतात. आणि जुन्या विक्रीकराच्या काळात सेल्स टॅक्स प्रॅक्टिशनर म्हणून किमान पाच वर्षं नोंदणी असलेले. 

अर्ज कसा? जीएसटीच्या पोर्टलवर नवीन नोंदणीत जायचं. ‘मी कोण’ या यादीत करदाता न निवडता जीएसटी प्रॅक्टिशनर निवडायचं. राज्य, जिल्हा, पॅनवर आहे तसंच नाव, ई-मेल, मोबाईल. दोन्हींवर ओटीपी येतात. मग एक तात्पुरता संदर्भ क्रमांक मिळतो, तो पंधरा दिवस चालतो. तेवढ्या दिवसांत दुसरा भाग भरायचा: पदवीचं प्रमाणपत्र, फोटो, कामाच्या जागेचा पुरावा. इथे अर्ज अडकतात ते दोन गोष्टींनी. पॅनवर एक नाव आणि पदवीवर दुसरं, लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं हे फार होतं. आधी पॅन किंवा कागद सरळ करून घ्या. दुसरं, कामाची जागा. घराच्याच ओटीवर टेबल टाकून काम करणार असाल तर तेच द्या, पण घर आजोबांच्या नावावर असेल तर त्याला जोड कागद लागतो. हा अर्ज पीसीटी-०१. अधिकाऱ्याने मान्य केला की पीसीटी-०२ नमुन्यात प्रमाणपत्र आणि नोंदणी क्रमांक येतो. यात कुठेही एजंटाला पैसे द्यायची गरज नाही.

नंबर मिळाला म्हणजे संपलं नाही. नियमाप्रमाणे नोंदणीपासून दोन वर्षांत परीक्षा पास व्हावी लागते. ती नासिन ही केंद्र सरकारची संस्था घेते. पहिली परीक्षा ३१ ऑक्टोबर २०१८ ला झाली. संगणकावर शंभर प्रश्न, अडीच तास, दोनशे गुण, शंभर मिळाले की पास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्या मुदतीत कितीही वेळा बसता येतं. प्रश्न इंग्रजीत आणि हिंदीत, मराठीत नाहीत. हे मला पटत नाही. ज्या मुलीला मालवणच्या मासळीविक्रेतीला मराठीत, खरं तर मालवणीत, कर समजावून सांगायचा आहे, तिची परीक्षा मराठीत घेता येणार नाही असं काही नाही. पण आज नियम तो आहे, तेव्हा अभ्यास इंग्रजीतूनच करा.

आता खरा फरक. जीएसटी प्रॅक्टिशनरला गिऱ्हाइकाचा पासवर्ड लागतच नाही. गिऱ्हाईक आपल्या लॉगिनमधून तुम्हाला नेमतं, तो पीसीटी-०५. तुम्ही तुमच्या लॉगिनमधून ते स्वीकारता. मग रिटर्न तयार करणं, चलन भरणं, रिफंडचा अर्ज, ई-वे बिलाची माहिती, ही कामं तुमच्या नावाने होतात. रिफंड किंवा नोंदणी रद्द करण्यासारखा अर्ज असेल तर खातं करदात्याकडून खात्री करून घेतं. पटलं नाही तर गिऱ्हाईक तुम्हाला काढूनही टाकतं, पासवर्ड बदलायची गरज नाही, भांडायची गरज नाही.

पण कलम ४८ चं तिसरं उपकलम विसरू नका. प्रॅक्टिशनरने भरलेल्या रिटर्नमधल्या माहितीच्या खरेपणाची जबाबदारी करदात्याचीच राहते. काही मुलं म्हणतात, मग नंबर घेऊन आमचा काय फायदा, उलट आम्ही सापडू! अगदी बरोबर, सापडाल. गैरवर्तन केलं तर नंबर रद्द होतो. आणि म्हणूनच शहाणं गिऱ्हाईक तुमच्याकडे येईल. बिननंबरच्या माणसाकडे घालवण्यासारखं काही नसतं.

आता प्रश्न घेऊ.

(प्रश्न: मी बीए, अर्थशास्त्र. चार वर्षं रिटर्नं भरतेय. मला जीएसटीचा नंबर मिळेल?)

बीएवर नाही. अनुभव चार वर्षांचा असला तरी यादीत ती पदवी नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून काम करत बीकॉम करता येतं, तो रस्ता लांब पण सरळ आहे. तोवर नंबर असलेल्या कोणाच्या हाताखाली काम करा. दुसऱ्याच्या नंबरवर स्वतःची गिऱ्हाइकं चालवू नका. उद्या काही झालं तर नोटीस त्याला, आणि त्याने तुम्हाला ओळख दाखवली नाही तर तक्रारही करता येणार नाही.

(प्रश्न: माझं ऑफिस सातार्ड्याला आहे, निम्मी गिऱ्हाइकं पेडण्याची. गोव्यात वेगळा नंबर घ्यावा लागेल का?)

नाही. एका राज्यात नोंदलेला प्रॅक्टिशनर दुसऱ्या राज्यातही नोंदलेला धरतात, नियम ८३ मध्येच तसं आहे. तेरेखोलच्या दोन्ही तीरांवर काम करा.

(प्रश्न: फी किती घ्यावी?)

जीएसटीत कायद्याने ठरवलेली नाही. रिफंडच्या टक्केवारीवर मात्र घेऊ नका. ज्याची फी रिफंडवर अवलंबून, त्याला रिफंड फुगवायचा मोह होणारच. गिऱ्हाइकांनीही ‘जेवढं मिळेल त्यातले दहा टक्के’ म्हणणारा दिसला की उठून यावं.

(प्रश्न: माझा होमस्टे आहे. इन्कम टॅक्सचं रिटर्न पाच वर्षं एकच भाऊ भरतात. पासवर्ड त्यांच्याकडेच आहे. मागितला तर त्यांना राग येईल.)

ताई, मागू नका. पोर्टलवर पासवर्ड विसरलो असं म्हणून आधारच्या ओटीपीने तुम्हाला नवा लावता येतो. मग प्रोफाइलमध्ये जाऊन मोबाईल नंबर आणि ई-मेल कोणाचा आहे बघा. त्यांचा असेल तर तुमचा घाला. भाऊंनी यापुढेही रिटर्न तयार करावं, त्यांना नाराज करायचं काही कारण नाही. त्यांनी भरायच्या आधी कागदावर छापून आणून दाखवावं: उत्पन्न किती, वजावट कोणती, रिफंड किती, कोणत्या बँकेत. ते वाचून मगच तुम्ही आधारच्या ओटीपीने पडताळणी करा, त्याला रिटर्न भरल्यापासून तीस दिवस असतात. फक्त आधारला जोडलेला मोबाईल कोणाचा आहे ते आधी बघा. इथल्या पुष्कळ घरांत तो मुंबईतल्या मुलाचा असतो, आणि तो नेमका दुपारी फोन उचलत नाही.